बेस्तरवारची सावड

द्वारकाबाईनं खुरप्याची धार अंगठ्यावर पाहिली, पदर कमरेला खोचला आणि एकटीच कपाशीच्या पातीला बसली.

बायका तिनं आदल्या दिवशीच दारोदार फिरून सांगून ठेवल्या होत्या. येतो की, असं सगळ्यांनी म्हटलं होतं आणि सकाळी सगळ्या दुसरीकडं गेल्या होत्या. त्यांना तरी काय बोलायचं. पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला, माती पायाला चिकटेनाशी झाली, की सगळ्या बोरगव्हाणची खुरपणी एकाच दिवशी येऊन पडते. मंठ्याच्या बाजारात एकवेळ सोनं मिळेल, पण त्या आठवड्यात खुरपायला बाई मिळायची नाही. द्वारकाबाईची कपाशी गुडघ्याला लागली होती आणि तण कपाशीच्या डोक्यावर चढलं होतं. नवरा परतूरला अडतीच्या दुकानात मुनीम, आठवड्यातून एकदा घरी. सून सगुणा तान्ह्या लेकरापायी अडकलेली. एकटीनं निंदायचं म्हटलं तर शेवट गाठेपर्यंत सुरुवातीला पुन्हा तण यायचं. हे सगळं कळत असूनही ती बसली, कारण घरात बसून जीव जाळण्यात तरी काय अर्थ होता.

बांधावर कुणीतरी खाकरलं. द्वारकाबाईनं मान वर केली. गिरिजाबाई उभी होती, हातात खुरपं.

गिरिजाबाई बौद्धवाड्यातली. दोघी एकाच वयाच्या, पुढंमागं याच गावात लग्न होऊन आलेल्या. या रानात गिरिजाबाई पेरणीला यायची, खुरपणीला यायची, वेचणीला यायची, आणि संध्याकाळी पदराच्या गाठीत मजुरी बांधून जायची. रानाचा कुठला कोपरा पाणथळ आहे हे तिला मालकिणीइतकंच ठाऊक होतं.

“एकट्याच का?”

“न्हाई, जत्रा भरलीय. दिसत न्हाई का तुला?”

गिरिजाबाई हसली. “बसू का?”

“बस की माय. इचारती काय.”

“मजुरी न्हाई घेनार.”

“मंग?”

“सावड धरा.”

द्वारकाबाईचं खुरपं थांबलं. सावड म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. त्यात पैसा नाही, मालक नाही, मजूर नाही. ज्याचं रान त्याची त्या दिवशीची भाकर. आणि समोरच्या बाईचं बोलावणं आलं की जायचं, मग घरात पाहुणे असोत की अंगात ताप. सावड न फेडणाऱ्या बाईचं नाव गावात वाईट होतं, पुढच्या साली तिच्या पातीला कुणी बसत नाही. पण सावड चालते ती रान असलेल्या बायकांत. बौद्धवाड्यातल्या बाईबरोबर कुणी सावड धरल्याचं द्वारकाबाईला आठवत नव्हतं. धरायची तर फेडायची कुठं?

तसा गिरिजाबाईकडं एक तुकडा होता, गायरानात. पण गायरान म्हणजे गावाची गुरं चरायची सरकारी जमीन. त्या तुकड्याला रान म्हणायचं की नाही, याचा विचार आजवर कुणी केला नव्हता. द्वारकाबाईनंही त्या घडीला केला नाही. तिच्या डोळ्यांपुढं फक्त तण होतं.

“बरं बाई, सावड तर सावड. बस.”

गिरिजाबाईचा हात मोठा चलाख. दुपारपर्यंत दोघींनी पाण्याकडची सगळी बाजू काढली. मग लिंबाखाली येऊन बसल्या. दरवर्षी मजुरीच्या बायका थोड्या लांब बसून आपापली फडकी सोडत. आज गिरिजाबाई मोकळ्या हातानं बसली होती. द्वारकाबाईला उशिरा उमगलं. सावडीत भाकर रानाच्या मालकिणीची. तिनं आपल्या भाकरीचे दोन भाग केले, वर अंबाडीची भाजी ठेवली आणि सवयीनं वरूनच गिरिजाबाईच्या ओंजळीत टाकली. गिरिजाबाईनं घेतली.

“बेस्तरवारी येनार म्हनं साहेब लोक,” ती खाता खाता म्हणाली.

“येनार. कालच शाळेत सांगितलं. उषाताई बी हायेत संगट. गायरान बघनार आन मंग मंजुरी देनार.” द्वारकाबाईचा चेहरा उजळला. कुरणाचा विषय निघाला की तिला घास गिळायचं भान राहत नसे.

कुरणाचं हे खूळ मुळात तिचंच. उन्हाळ्यात बोरगव्हाणच्या बायका चाऱ्यासाठी पार दुधनेच्या काठापर्यंत जायच्या आणि ओझं डोक्यावर घेऊन परत यायच्या. शेजारची केशरबाई अशीच भाऱ्यासकट नाल्यात पडली, तिचा पाय अजून वाकडा पडतो. आणि गायरानाच्या टेकडीवर बघावं तर नुसता मुरूम. पुण्याच्या एका संस्थेच्या उषाताई गावात यायला लागल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, की एक निधी आहे बाहेरदेशातला. तो मोठाल्या धरणांना पैसे देत नाही, लहान गावांनी मातीपाण्यासाठी स्वतः हाती घेतलेल्या कामाला थोडी मदत करतो. टेकडीवर चर खोदायचे, पाणी मुरवायचं, गवत लावायचं आणि काही वर्षं गुरं आत सोडायची नाहीत. ठरवायचं गावानं, राबायचंही गावानं. पुरुषांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळली. द्वारकाबाईनं मात्र हट्ट धरला. ती घरोघरी गेली, सभा भरवल्या, न येणाऱ्यांना टोमणे मारले आणि शेवटी समितीची अध्यक्ष होऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनातलं काहीतरी गावाचं होऊ घातलं होतं.

उषाताईंनी शाळेच्या पटांगणात बायकांकडून गावाचा नकाशा काढून घेतला होता, रांगोळीचा. ओढा निळा, घरं पांढरी, विहिरींच्या जागी पालथ्या वाट्या. गायरान रंगवायचं काम द्वारकाबाईकडं आलं. तिनं मुठी भरभरून हिरवी रांगोळी टेकडीवर ओतली, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. माथ्याजवळ गिरिजाबाईचा तुकडा आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण हिरवं इतकं देखणं दिसत होतं की त्याला मधे भोक पाडायला तिचा हात धजला नाही. गिरिजाबाई पटांगणाच्या कडेला उभी होती. तिनं बघितलं, पदर सारखा केला आणि घरी गेली. तोच नकाशा कागदावर उतरून निधीच्या साहेबांकडं गेला होता.

आता लिंबाखाली बसून द्वारकाबाई गवताच्या जाती सांगत होती, पवना लावू, मारवेल लावू. गिरिजाबाई हूं हूं करत होती. जेवण झाल्यावर तिनं हात झटकले आणि पुन्हा पातीला जाऊन बसली.

संध्याकाळी रामराव आला. रामराव द्वारकाबाईचा धाकटा दीर आणि गावचा सरपंच. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलंही काम उरकून टाकायची त्याला घाई असायची, आणि त्या घाईत कोण पायाखाली येतं हे बघायला वेळ नसायचा. ओसरीवर बसून त्यानं चहाची बशी तोंडाला लावली.

“वैनी, बेस्तरवारचं सगळं बराबर झालंय. साहेबाला पायथ्यानं फिरवू. वढ्याकडून वर बघितलं की नुसतं माळरान दिसतं. माथ्यावर न्यायचंच न्हाई.”

“गिरिजाच्या तुरीपायी?”

“मंग काय तर. जमीन बिलकुल मोकळी पाहिजे, असं लिहिलेलं हाये त्यांचं. तिथं तूर दिसली की झालं, इचारत बसतील, कुणाची, कवापासून. पैसे येऊद्या एकदा. चर खोदायला पहिली तिलाच लावू. तुरीपरीस मजुरी ज्यादा पडंल तिला.”

“आन चर खोदून झाल्यावर?”

रामरावनं बशी खाली ठेवली. “वैनी, कुरण तुमाला पाहिजे का न्हाई?”

पाहिजे होतं. जिवापाड पाहिजे होतं. द्वारकाबाई रिकामी बशी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात मूग पाखडत होती. गिरिजाबाई आली आणि नेहमीसारखी तुळशीच्या अलीकडंच थांबली.

“बेस्तरवारी या माझ्या रानात. तण लई झालंय.”

सूप हातातच राहिलं. “बेस्तरवारी? आगं, बेस्तरवारी साहेब येनार.”

“म्हाईत हाये.”

“मंग शुक्रवारी येते की. शुक्रवारी पक्की येते.”

“शुक्रवारी पानी आलं तर? वाफसा काय कुणासाठी थांबतो?”

द्वारकाबाईनं आभाळाकडं बघितलं. आभाळ निळंशार होतं, त्यात ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता. गिरिजाबाईनं वर बघितलंही नाही.

“सगुणाला धाडू का?”

“धाडा. माझी ना न्हाई.” गिरिजाबाईच्या आवाजात रुसवा नव्हता. “माणसाला माणूस. फिटली म्हनायची.”

“न्हाईतर असं करू, त्या दिवसाची मजुरीच…”

“मजुरी घ्यायची असती तर तवाच घेतली असती, द्वारकाबाई.”

ती गेली. द्वारकाबाईनं सुपातले मूग इतक्या जोरात झटकले की निम्मे अंगणात सांडले. तिला राग आला होता. गिरिजाचा आला होता, रामरावचा आला होता, आणि सगळ्यात जास्त कपाशीतल्या त्या घडीचा, जेव्हा एवढं सोपं वाटलं होतं सावड तर सावड म्हणणं. सगुणा दारातून सगळं ऐकत होती.

“मी जाते आत्याबाई. लेकरू केशरबाईजवळ ठेवते.”

“जा तूच,” द्वारकाबाई म्हणाली आणि खाली वाकून मूग वेचू लागली.

बेस्तरवारी सकाळी द्वारकाबाईनं हिरवं लुगडं नेसलं. हार, नारळ, हळदीकुंकवाचं ताट तयार करून शाळेत पाठवून दिलं. सगुणा खुरपं घेऊन निघाली तशी लेकरानं गळा काढला. केशरबाईनं त्याला खांद्यावर घेतलं, थोपटलं, तरी ते हुंदके देत राहिलं. सगुणा उंबऱ्यात अडखळली.

“दे इकडं,” द्वारकाबाई म्हणाली.

“काय?”

“खुरपं. त्याला पाजायचं कोनी दिवसभर? साहेब यायला दुपार व्हईल. तवर मी दोन पाती काढून येते.”

सगुणा तिच्या हिरव्या लुगड्याकडं बघत राहिली. द्वारकाबाईनं खुरपं पदराखाली घेतलं आणि गावातल्या वाटेनं न जाता मागच्या बाजूनं टेकडीला लागली. स्वतःला तिनं बजावून सांगितलं होतं, की लवकर गेलं की लवकर परत येता येतं.

त्या तुकड्यात ती कितीतरी वर्षांत आली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात गिरिजाबाईचा नवरा भिवा इथले दगड वेचायला लागला तेव्हा गाव त्याला हसलं होतं. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी पुन्हा इथं येऊन दगडच उचलायचे, याला काय म्हणावं. आता भिवा नव्हता. त्यानं वेचलेले दगड तुकड्याच्या चारी बाजूंनी रचलेले होते, कंबरेइतके, आणि आत तांबूस मातीत ज्वारी आणि मधेमधे तुरीच्या ओळी उभ्या होत्या. गिरिजाबाईच्या घरातली वर्षाची डाळ आणि निम्म्या वर्षाची भाकर या दगडांच्या आत होती. कुठल्याही कागदावर तिचं नाव नव्हतं.

गिरिजाबाई आधीच बसलेली होती. हिरवं लुगडं बघून तिच्या हाताची गती किंचित मंदावली.

“तुमीच आल्या?”

“मंग, मीच न्हवते का सावड धरली?”

द्वारकाबाई शेजारच्या पातीला बसली. खुरपं मातीत घातलं, ओढलं, आणि ते मोकळंच फिरलं. तिनं पुढं सरकून पुन्हा घातलं. पुन्हा मोकळं. मग तिनं मान वर करून पात बघितली, शेजारची बघितली, त्याच्या पलीकडची बघितली. तण नव्हतंच. ज्वारीच्या बुडाशी माती उकरून भुसभुशीत केलेली होती. दगडांच्या कडेला उपटलेल्या तणाचा ढीग पडला होता, आणि तो वाळून करडा झाला होता. माथ्यावरचं मुरमाड रान खालच्या रानांआधीच वाफशाला आलं होतं आणि त्याची खुरपणी केव्हाच उरकली होती.

द्वारकाबाईच्या कानशिलापर्यंत संताप चढला. आपल्याला इथं आणून बसवलं. कामाला नाही, साहेबांना दिसावं म्हणून नुसतं बसायला. कपाशीत येणं, सावड मागणं, वाफशाचं सांगणं, सगळं बेस्तरवारवर नजर ठेवून. ताडकन उठावं आणि चार शब्द सुनवावे म्हणून ती वळली.

गिरिजाबाई खाली मान घालून निंदत होती. स्वच्छ मातीत, गच्च तण असल्यासारखी, एकेक धाट जपून, खुरपं फिरवत होती. तरी एक धाट बुडातून कापलं गेलं आणि तिनं ते तिथंच मातीत खोचलं. इतक्या वर्षांत किती पाती दोघींनी शेजारी बसून काढल्या असतील, पण त्या हातून धाट कापलं गेलेलं द्वारकाबाईनं कधी बघितलं नव्हतं.

“गिरिजा.”

“अं.”

द्वारकाबाईचे चार शब्द तोंडातच राहिले. “काही न्हाई,” ती म्हणाली.

खालून जीपचा आवाज आला. दुपार व्हायला अजून अवकाश होता. द्वारकाबाईनं दगडांवरून वाकून बघितलं. ओढ्यापाशी जीप थांबली होती. उषाताई उतरल्या, टोपी घातलेले एक साहेब उतरले, रामराव पुढं होऊन पायथ्याच्या बाजूला हात दाखवत होता. साहेबांनी नकारार्थी मान हलवली आणि वरती बोट केलं. रामराव काहीतरी समजावत राहिला. साहेब टेकडी चढायला लागले.

“पलीकडून वाट हाये खाली,” गिरिजाबाई मान वर न करता म्हणाली. “जायचं तर जावा. मी काय म्हननार न्हाई.”

वाट होती. बोरीच्या झाडामागून उतरलं तर शाळेपाशी हार घेऊन उभं राहण्याइतका वेळही होता. द्वारकाबाई त्या बोरीकडं बघत राहिली. मग परत येऊन बसली आणि पुढच्या धाटाच्या बुडाशी खुरपं घातलं.

सगळ्यात आधी साहेब वर पोचले. त्यांना धाप लागली होती. “पाणी माथ्यावरून खाली येतं,” ते कपाळ पुसत मागं वळून म्हणाले, “त्यामुळं आम्हाला बघायलाही माथ्यापासूनच लागतं, सरपंच.” मग त्यांना समोरची ज्वारी दिसली. “नकाशात तर ही सगळी जमीन मोकळी आहे.”

रामराव दगडांपाशी येऊन थबकला. हिरवं लुगडं त्याच्या नजरेला पडलं आणि त्याचं तोंड उतरलं. पण रामराव सरपंच होता ते काही उगीच नाही. एक आवंढा गिळून होईस्तोवर त्याचं ठरलं होतं.

“घरचंच हाये साहेब. ह्या आमच्या वैनी, समितीच्या अध्यक्ष. जरासं पेरलं व्हतं त्यांनी. कुरणासाठी सोडूनच दिलंय आता. एवढं पीक निघालं की जमीन मोकळी.”

“द्वारकाबाई,” उषाताई हरखून म्हणाल्या, “हे कधी बोलला नाहीत तुम्ही. स्वतःचं रान देताय कुरणाला?”

“असं कुणी आपणहून केलं तर पुढचं सगळं सोपं होतं,” साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरही समाधान होतं. खोटं कुणाच्याच चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

रामराव द्वारकाबाईकडं बघत होता. बोलायचंसुद्धा नव्हतं तिला, नुसती मान हलवायची होती. एवढ्या एका मानेनं टेकडी हिरवी होणार होती. केशरबाईला, सगुणाला, सगुणाच्या लेकरापाठी येणाऱ्या सुनांना दुधनेपर्यंत तंगडतोड करावी लागणार नव्हती. शेजारच्या पातीवरचं खुरपं थांबलं होतं. गिरिजाबाईनं वर बघितलं नाही.

द्वारकाबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. लुगड्याला लागलेली माती तिनं झटकली.

“माझं न्हाई हे,” ती म्हणाली. “हे गिरिजाबाईचं रान हाये. मी सावडीला आले.”

“सावड म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“ह्या माझ्या कपाशीत आल्त्या. आज मी ह्यांच्या रानात. रान असल्याबिगर सावड व्हत न्हाई, साहेब.”

मग उषाताई हळूच म्हणाल्या, “पण नकाशात हे नव्हतं, द्वारकाबाई.”

“नव्हतं. हिरवी रांगोळी मीच वतली व्हती.”

साहेब दगडांच्या कडेनं चालत गेले. एका ठिकाणी थांबून त्यांनी दगडांवर हात ठेवला. “हे कुणी रचलं?”

“आमच्या मालकानं,” गिरिजाबाई म्हणाली. ती आता उभी राहिली होती.

साहेब परत आले. त्यांचा आवाज कोरडा नव्हता, पण मघासारखा मोकळाही नव्हता. “बाईंची वहिवाट असेल तर प्रस्ताव आहे असा पुढं जाणार नाही. नकाशा पुन्हा काढावा लागेल, यांना धरून. यंदाच्या मंजुरीत बसेल की नाही, मी सांगू शकत नाही.”

“मी पुन्हा येते,” उषाताई म्हणाल्या. कुणाकडं बघून म्हणाल्या ते कळलं नाही.

सगळे उतरायला लागले. रामराव सगळ्यात शेवटी वळला. “वैनी,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “शाळेत बायका हार घेऊन बसल्यात. त्यांना काय सांगू मी?”

जीप ओढ्यापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत द्वारकाबाई दगडांपाशी उभी राहिली, आणि जे गेलं ते आपणच घालवलं हे तिला पुरतं कळत होतं.

“जेवायची वेळ झाली,” मागून गिरिजाबाई म्हणाली.

बोरीच्या तोकड्या सावलीत तिनं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं घट्ट वरण, एका पानावर मिरचीचा ठेचा. तिनं भाकर उचलून द्वारकाबाईच्या हातात दिली नाही. फडकं दोघींच्या मधोमध जमिनीवर पसरलं आणि हात मागं घेतला.

“घ्या तुमच्या हातानं.”

द्वारकाबाईनं तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. वरची भाकर घेतली, मोडली, वरणात बुडवली. वरणात लसूण सढळ होता.

“कुरण गेलं तर गावातल्या बाया मला झोडतील,” द्वारकाबाई म्हणाली.

“आपल्याला झोडतील.”

द्वारकाबाईनं तिच्याकडं बघितलं. गिरिजाबाई ठेच्याचं पान तिच्या बाजूला सरकवत होती.

“चर खोदायला मी येते,” ती म्हणाली. “पैसे येवोत का न येवोत. वाड्यातल्या आनखी येतील दोघी-तिघी. माझ्या दगडाच्या खालून एक चर घेतला तर तुमच्या गवताला बी पानी आन खालच्या हिरीला बी.”

“मजुरीनं?”

“न्हाई.”

द्वारकाबाईनं भाकरीचा शेवटचा तुकडा वरणाला पुसून तोंडात टाकला. म्हणजे पुन्हा फेडणं आलं. पुन्हा या टेकडीवर येऊन बसणं आलं, आणि पुढच्या वेळी तण खरोखरचं असणार.

तिनं चूळ भरली, पदराला हात पुसले आणि उठून आपल्या पातीपाशी गेली.

“किती राह्यलंय?”

“लई राह्यलंय,” गिरिजाबाई म्हणाली.

समोर स्वच्छ, भुसभुशीत, तांबूस माती होती. दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि दिवस कलेपर्यंत निंदत राहिल्या.